पाळी संपली तरी काम डोक्यातून जात नाही : नोकरीचा ताण आणि संध्याकाळची विश्रांती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बडोदे हे पाळ्यांचे शहर आहे. १९६० च्या दशकात कोयलीला तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला, पाठोपाठ खतांचे आणि पेट्रोरसायनांचे उद्योग आले, मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत भरत गेली, आणि दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या ज्या मराठी घरांनी पिढ्यानपिढ्या गायकवाडी दफ्तरांत, शाळांत आणि कचेऱ्यांत नोकऱ्या केल्या होत्या, त्यांची पुढची पिढी पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहत नाक्यावर उभी राहू लागली. मी त्या पिढीतला आहे. एका रासायनिक कारखान्यात मी एकतीस वर्षे पाळीत काम केले, त्यातली शेवटची चौदा शिफ्ट इन्चार्ज म्हणून. निवृत्त झाल्यापासून ओळखीच्या घरांतली तरुण मुले-मुली, कोणी बँकेतली, कोणी सॉफ्टवेअरमधली, कोणी हालोल-सावलीच्या कारखान्यांतली, ‘काका, घरी येतो पण डोके तिथेच राहते’ असे सांगत माझ्याकडे येतात. त्यांनी वारंवार विचारलेले प्रश्न आणि त्यांवरची माझी उत्तरे येथे एकत्र केली आहेत. मी डॉक्टर नाही. स्वतः अनुभवलेले आणि नंतर वाचून पडताळून पाहिलेले तेवढेच लिहिले आहे. डॉक्टरांकडे केव्हा जावे हा प्रश्न वेगळा घेतला आहे आणि तो कृपया वगळू नये.

कामाची वेळ संपली तरी तेच विचार घोळत राहतात. हे माझ्या मनाचे दुबळेपण आहे का?

मुळीच नाही. अर्धवट राहिलेले काम सहजासहजी न सोडणे हा मनाचा स्वभावच आहे. मध्येच थांबवलेली कामे पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात, असे ब्ल्यूमा झायगार्निक यांनी बर्लिनमध्ये केलेल्या प्रयोगांच्या आधारे १९२७ साली मांडले. पुढच्या संशोधकांना दर वेळी तसेच निकाल मिळाले नाहीत हे खरे. पण २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलेली गोष्ट आपल्या फार उपयोगाची आहे. काम पुरे झाले नसले, तरी ते केव्हा आणि कसे करायचे याचा नेमका बेत ठरवला, की त्याचे विचार मध्ये मध्ये येऊन त्रास देण्याचे प्रमाण पुष्कळ घटते.

हे वाचल्यावर मला आमचे लॉगबुक आठवले. नियंत्रणकक्षातल्या टेबलावर एक जाडजूड, कडा तेलकट झालेली वही असे. पाळी संपण्याच्या सुमारास तीत लिहावे लागे : ‘पंप बी चालू. पंप ए देखभालीसाठी बंद. तीन नंबर टाकीची पातळी ६२ टक्के. वाफेच्या व्हॉल्व्हला किंचित गळती, मेंटेनन्सला कळवले, परमिट सकाळी.’ मग रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, यायचा, आम्ही दोघे मिळून प्लांटमध्ये एक चक्कर मारायचो, तो वहीत सही करून ताबा घ्यायचा, आणि त्यानंतरच मी हेल्मेट खुंटीला अडकवायचो. प्लांट बंद झालेला नसे, गळतीही थांबलेली नसे. तरीही बसमध्ये बसल्यावर पाच मिनिटांत माझा डोळा लागत असे, कारण त्या क्षणी त्या गळतीची काळजी वाहणारा दुसरा माणूस तिथे उभा होता.

कचेरीत काम करणाऱ्याला असा रिलीव्हर मिळत नाही. सहा वाजतात, दिवे मालवले जातात, आणि अर्धवट फाइल त्याच्यासोबत स्कूटरवर बसून घरी येते. माझ्या मते आजच्या नोकरीतल्या ताणाचा फार मोठा भाग कामाच्या ओझ्याइतकाच या न दिलेल्या ताब्यामुळे निर्माण होतो.

मग कामाचा ताबा द्यायचा कोणाला आणि कसा?

उद्या सकाळी त्याच खुर्चीत येऊन बसणाऱ्या स्वतःला. निघण्यापूर्वी दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि कागदावर, शक्यतो हाताने, तीन गोष्टी लिहाव्यात : आज काय पुरे झाले, काय अर्धे राहिले आणि ते नेमके कुठे थांबले आहे, आणि उद्या बसल्याबरोबर पहिले काम कोणते करायचे. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. ‘कर्जाची प्रकरणे बघणे’ असे मोघम लिहून मन सुटत नाही. बँकेत काम करणाऱ्या एका मुलीने मला तिची डायरी दाखवली होती, तिच्यात असे होते : ‘वाघोडिया रोडची फाइल. उत्पन्नाचा दाखला बाकी. सकाळी अकराला फोन. दुपारपर्यंत न मिळाल्यास मॅनेजरना सांगणे.’ कोणते काम, कुठे अडले, केव्हा हाती घ्यायचे आणि नाही जमले तर काय करायचे, हे सारे चार तुकड्यांत आले. अशी नोंद केल्यावर तिला रात्री दाखल्याची आठवण आली तरी ती लगेच विरते, कारण त्या विचाराला पुढे जायला जागाच उरलेली नसते.

ज्यांना निघताना दहा मिनिटे मिळत नाहीत, त्यांनी हे झोपण्यापूर्वी करावे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये ५७ तरुणांवर केलेल्या प्रयोगात, झोपण्याआधी पाच मिनिटे पुढच्या दिवसांतील कामांची यादी लिहिणाऱ्यांना पुऱ्या झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर लागत होती. एकच पथ्य आहे : लिहून झाल्यावर वही मिटून दुसऱ्या खोलीत ठेवावी.

ताणामुळे शरीरात नेमके काय होते?

धोका जाणवला की मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन आणि त्यामागून कॉर्टिसोल रक्तात येते; नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, साखर रक्तात उतरते, स्नायू ताठ होतात आणि पचन मंदावते. धावण्यासाठी किंवा लढण्यासाठी ही सिद्धता उत्तम आहे. अडचण अशी, की साहेबांच्या ईमेलसाठीही शरीर हीच तयारी करते आणि माणूस मात्र खुर्चीतून हलत नाही. प्रसंग सरल्यावर शरीर पूर्वपदावर आले तर बिघडत नाही. ते पूर्वपदावर यायच्या आतच पुढचा प्रसंग येत राहिला, महिनोन्महिने येत राहिला, तर झोप, रक्तदाब, पोट आणि मनःस्थिती यांवर त्याचा परिणाम दिसू लागतो. मान आखडणे, जबडा आवळला जाणे, पित्त उसळणे, लहानसहान कारणांवरून घरच्यांवर खेकसणे, या पहिल्या खुणा आहेत.

म्हणूनच बैठे काम करणाऱ्याने संध्याकाळी आधी चालावे, मग टेकावे. वीस-तीस मिनिटे झपझप चालणे पुरते. आपल्याकडे त्यासाठी सयाजीबाग आहे, म्हणजे आपली कमाटीबाग : सयाजीराव महाराजांनी विश्वामित्रीच्या काठी १८७९ मध्ये वसवलेली, शंभर एकरांहून मोठी. तिथवर जाणे जमत नसेल तर सोसायटीच्या आवारातल्या फेऱ्याही चालतात.

घरी पोहोचल्यावर पहिला अर्धा तास कसा घालवावा?

रोज एकाच क्रमाने घालवावा. आमच्या प्लांटमधून निघताना अंघोळ करून, कपडे बदलूनच बाहेर पडायची रीत होती. रसायनांमुळे ती आवश्यकच होती, पण तिचा दुसरा गुण मला फार उशिरा कळला. अंगावर पाणी ओतले जात असतानाच पाळी मागे पडू लागे. कचेरीतून येणाऱ्यानेही हात-पाय-तोंड धुऊन कपडे बदलल्याशिवाय सोफ्यावर बसू नये आणि मोबाइल हाती घेऊ नये. आमच्या शेजारच्या घरात दाराजवळच्या फडताळात एक पितळी डबा ठेवला आहे. आल्याबरोबर सर्वांचे फोन, किल्ल्या आणि गळ्यातली ओळखपत्रे त्यात जातात आणि चहा होईपर्यंत बाहेर येत नाहीत.

घरच्यांशी याबाबत आधी बोलून घ्यावे. ‘आल्यावर वीस मिनिटे मला काही विचारू नका, नंतर मी पूर्ण तुमचा’ हे शांतपणे, सुट्टीच्या दिवशी सांगितले तर कोणी दुखावत नाही. दारातच तोडून बोलले तर दुखावते. मात्र ‘नंतर तुमचा’ हा शब्द पाळायला हवा. लहान मुले असतील तर वीस मिनिटे थांबण्याची अपेक्षा करू नये. त्यांना आधी जवळ घ्यावे, पाच मिनिटांत ती आपापल्या खेळाला लागतात.

मी नोकरीवरून येते आणि थेट ओट्याशी उभी राहते. मी केव्हा विसावायचे?

हा प्रश्न मला केवळ स्त्रियांनी विचारला आहे, आणि या पानावरचा सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे तिची दुसरी पाळी पाच तासांच्या जवळ जाते. तिला दीर्घ श्वसनाचे व्यायाम सुचवणे हा माझ्या दृष्टीने अन्याय आहे.

जमेल तसे घरकाम वाटून घ्या असे सर्वच सांगतात, परंतु वाटून घेण्याच्या पद्धतीतच घोटाळा होतो. ‘मी मदत करतो’ म्हणणारा नवरा भाजी चिरून देतो. पण कोणती भाजी, ती आणली आहे का, उद्याच्या डब्याला काय, कणीक मळायची की सासूबाईंसाठी भाकरी करायची, दूध विरजण लावायला उरले आहे का, हे सारे लक्षात ठेवण्याचे काम तिच्याकडेच राहते. प्लांटच्या भाषेत सांगायचे तर हात दिला, पण ताबा घेतला नाही. त्याऐवजी मंगळवार आणि गुरुवारची संध्याकाळ संपूर्ण त्याची, काय करायचे हे ठरवण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत, असे ठरवावे. सुरुवातीला वरण पातळ होईल आणि आमटीत मीठ राहून जाईल. तिने त्या वेळी स्वयंपाकघरात डोकावू नये, हेही तितकेच गरजेचे, कारण ताबा दिल्यावर मागे वळून पाहत राहिले तर दिल्यासारखा होत नाही.

मी नोकरीत असताना रात्रपाळीवरून आलो की मला आयते ताट मिळत असे आणि माझी बायको मात्र शाळेत शिकवून येऊन ते ताट वाढत असे. त्या वेळी मला हे दिसले नाही, याचे मला आज वाईट वाटते.

रात्री दोन तास मोबाइल किंवा मालिका पाहूनही थकवा का जात नाही?

साबीने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ मध्ये कामानंतरच्या विश्रांतीचे चार घटक मांडले : मनाने कामापासून दूर होणे, शरीर-मन सैल होणे, नवे काही शिकून त्यात हात बसल्याचा आनंद मिळणे, आणि आपला वेळ आपल्या मर्जीने घालवता येणे. मोबाइल चाळताना पहिले दोन थोडेफार मिळतात, तेही मध्येच कचेरीच्या गटावर संदेश आला नाही तर. तिसरा मिळत नाही, आणि ‘पाच मिनिटांसाठी घेतला नि साडेअकरा वाजले’ असे झाले की चौथाही जातो. मालिका पाहण्यात दोष नाही. एक भाग ठरवून, घरच्यांसोबत, पाहून उठावे.

तिसऱ्या घटकाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण थकलेल्या माणसाला तो उलटा वाटतो. दमून आल्यावर पुन्हा काही शिकायचे? पण दिवसभर जे करून आपण थकतो, त्याहून हे शिकणे वेगळ्या प्रकारचे असते. दिवसभर संगणकावर आकडे भरणारा मुलगा संध्याकाळी तबल्याच्या वर्गात पाऊण तास ‘धा धा तिट’ घासून आला की ताजातवाना दिसतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. बडोद्यात यासाठी वाण नाही. गायक मौलाबक्षांच्या काळापासून, म्हणजे १८८६ पासून, इथे गाणे शिकवण्याची परंपरा आहे. जुम्मादादा व्यायाममंदिरासारख्या आखाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मल्लखांब आणि व्यायाम शिकवला. आणि मांडवीजवळच्या १९१० च्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी पुस्तकांची कपाटेच्या कपाटे आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी पुष्कळ झाल्या. एकच काळजी घ्यावी, छंदाला लगेच परीक्षा, प्रमाणपत्र किंवा यूट्यूबची वाहिनी जोडू नये.

मी रोज आणंद, भरूच किंवा अहमदाबादला अपडाउन करतो. घरी उरतोच दीड तास. मला काय शक्य आहे?

येतानाची गाडी हाच तुमचा विसावा आहे, असे धरून चालावे. पहिली पंधरा मिनिटे ताब्याची नोंद लिहायला द्यावीत आणि फोन खिशात ठेवावा. उरलेला वेळ पत्त्यांचा डाव, पुस्तक, गाणी किंवा डुलकी, काहीही चालेल. डब्यातल्या मंडळींचा रोज संध्याकाळी साहेबांच्या तक्रारींचा फड जमत असेल, तर आठवड्यातून तीन-चार दिवस दुसरी जागा शोधावी. मन मोकळे केल्याने हलके वाटते हे खरे, पण तीच तक्रार तेच लोक रोज उगाळू लागले की तासभर पुन्हा कचेरीत बसल्यासारखे होते.

रात्रपाळी करणाऱ्याने झोप आणि विश्रांती कशी सांभाळावी?

शरीराचे घड्याळ उजेडावर चालते, हे मूळ सूत्र धरावे. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही सर्वांत खाली असतात. त्यामुळे शक्य असेल तर किचकट, जोखमीची कामे मध्यरात्रीपूर्वी उरकावीत, आणि नियमात बसत असेल तर दोन-तीनच्या सुमारास वीस मिनिटांची डुलकी घ्यावी. त्याहून लांबवली तर उठल्यावर काही वेळ डोके जड राहते. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच प्यावा.

सकाळी निघताना काळा चष्मा घालावा, कारण डोळ्यांवर ऊन पडले की मेंदू दिवस सुरू झाल्याचे ठरवतो. आणि गाडी स्वतः चालवू नये. लागोपाठ तिसऱ्या रात्रपाळीनंतर मी एकदा बस चुकल्यामुळे स्कूटरवर निघालो होतो. सरळ, रिकामा हमरस्ता होता, ऊन कोवळे होते. पुढचे आठवते ते एवढेच की चाक कडेच्या खडीवर घसरल्याचा आवाज आला आणि त्याने मला जाग आली. उजव्या कोपराचे साल निघाले, बाकी काही झाले नाही. मागून ट्रक नव्हता, म्हणून हे लिहू शकतो आहे. त्यानंतर मी सहकाऱ्यांना बस चुकली तर तासभर विश्रामकक्षात झोपूनच निघायला लावत असे.

दिवसाची झोप ही घरातल्या सर्वांनी मिळून राखायची गोष्ट आहे. बडोद्याचा उन्हाळा ४२ अंशांच्या पुढे जातो, म्हणून जाड गडद पडदा, जमल्यास वाळ्याचा, आणि कूलर. दाराच्या घंटीचा खटका बंद. दूधवाल्याला, कुरिअरवाल्याला शेजारचा क्रमांक. आणि ‘बाबा झोपलेत’ ही पाटी. एकाच खेपेत सात तास जमत नसतील तर सकाळी पाच आणि संध्याकाळी पाळीपूर्वी दीड, अशी विभागून झोप घ्यावी. पाळ्यांचा क्रम ठरवण्यात कामगारांचे मत विचारले जात असेल तर सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा क्रम मागावा. आपले आतले घड्याळ चोवीस तासांहून किंचित मोठे असल्याने उशिरा झोपणे त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते.

चहा, तंबाखू, दारू यांनी ताण हलका होतो का?

कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या कडक चहातला बराचसा भाग अकरालाही अंगात असतो. संध्याकाळचा चहा सोडवत नसेल तर अर्धा कप घ्यावा. तंबाखूने किंवा तंबाखू-सुपारीच्या मसाल्याने वाटणारा आराम हा बहुतांशी तंबाखूच्याच तलफेने आलेली अस्वस्थता थांबल्याचा आराम असतो. गुजरातेत दारूबंदी आहे, पण कामानिमित्त बाहेरगावी फिरणारे विचारतात म्हणून सांगतो : दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते. सकाळी जडपणा उरतो आणि तोच चक्राचा आरंभ असतो.

पाच मिनिटांत करता येईल असे काही आहे का?

आहे. नाकाने श्वास घ्यावा, भरत आल्यावर वर आणखी छोटासा श्वास घ्यावा, आणि मग तोंडाने सावकाश, घेतलेल्यापेक्षा दुप्पट वेळ लावून सोडावा. श्वास लांबवून सोडला की व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाची गती मंदावते. स्टॅनफर्डमधील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोज पाच मिनिटे असे करणाऱ्यांची मनःस्थिती महिन्याभरात सुधारलेली आढळली. ज्यांना श्वासाकडे लक्ष देताना उलट घाबरल्यासारखे होते, त्यांनी शवासनात पडून पायांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायू आवळून सैल सोडत जावे.

ताण वरिष्ठांच्या वागण्यामुळेच असेल तर? मी सहन करत राहायचे का?

नाही, आणि येथे मला स्पष्ट लिहावेसे वाटते. कामाचा बोजा मोठा आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा मात्र थोडी, अशा नोकऱ्यांत ताण सर्वाधिक होतो, हे रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडले. अशा कामावर प्राणायाम हा उपाय नव्हे. कामाची मांडणी बदलावी लागते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. कारखान्यातील कामगाराला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दराने वेतन हे १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आलेले आहे. आपले तास आपण स्वतः लिहून ठेवावेत. पुढे बोलायची वेळ आली तर तारखेसह लिहिलेली वही उपयोगी पडते.

बोलताना नकार देण्यापेक्षा निवड साहेबांवर सोपवावी. ‘साहेब, ही दोन्ही कामे आज पुरी होणार नाहीत. आधी कोणते देऊ?’ या प्रश्नात उद्धटपणा नाही आणि खरे तेच सांगितले आहे. एका काळी आमच्यावरचे एक अधिकारी रात्री अकराला घरी फोन करून उत्पादनाचे आकडे विचारत. चिडून मी दोन वेळा उलट बोललो आणि त्याने काहीच साधले नाही. मग आम्ही ते नेहमी विचारत ते पाच आकडे लॉगबुकच्या पानावर वर चौकट आखून लिहू लागलो, आणि रोज रात्री आठला नियंत्रणकक्षातून त्यांना आपण होऊन कळवू लागलो. तीन आठवड्यांत अकराचे फोन थांबले. त्यांनाही वरून कोणीतरी विचारत होते आणि त्यांना ताबा मिळत नव्हता. सर्वच वरिष्ठ असे उमजून घेणारे नसतात. अपमान, धमक्या किंवा छळ होत असेल तर तो लेखी नोंदवावा, युनियनकडे किंवा मनुष्यबळ विभागाकडे न्यावा, आणि स्त्रियांच्या लैंगिक छळाबाबत २०१३ च्या कायद्यानुसार नेमलेल्या अंतर्गत समितीकडे न्यावा. दुसरी नोकरी शोधणे हाही पळपुटेपणा नाही. घरचे हप्ते लक्षात घेऊन, नवी हाती आल्यावर जुनी सोडावी.

हा नुसता ताण आहे की आजार, हे कसे ओळखावे?

कामामुळे आलेला पूर्ण गळाठा, कामाविषयी वाटणारा दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही अशी भावना, या तिन्हींना मिळून ‘बर्नआउट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद केली ती कामाशी निगडित स्थिती म्हणून, आजार म्हणून नव्हे. त्यामुळे एक ओळखण्याची खूण अशी, की चार-आठ दिवसांच्या सुट्टीत, गावी गेल्यावर, मन उमलते का? उमलत असेल तर गाठ कामात आहे. सुट्टीतही कशातच गोडी वाटत नसेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोपेत-भुकेत बदल, सतत अपराधी वाटणे असे असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. आपल्या सयाजी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. ‘टेलीमानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य मिळते. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे आणि तिथे मराठी-गुजरातीतही बोलता येते. खर्चाच्या भीतीने थांबू नये. मानसिक आजारासाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विमा उपलब्ध करून देणे हे २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे.

जगणे नकोसे वाटत असेल तर आज, आत्ता, घरातल्या एका माणसाला सांगावे आणि वरील क्रमांक लावावा. तसेच छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असे झाले तर ‘ताणामुळे असेल’ म्हणून पडून राहू नये. १०८ ला फोन करावा.

रविवारी दुपारपासूनच सोमवारच्या विचाराने धडधडू लागते. काय करावे?

सोमवारचा ताबा शुक्रवारी किंवा शनिवारी निघतानाच लिहावा, कारण आठवड्याची सर्वांत लांब रजा हीच आणि तिच्यापूर्वीची नोंद सर्वांत तपशीलवार हवी. रविवारी संध्याकाळ रिकामी ठेवू नये : सुरसागर तलावाच्या काठी मुलांना घेऊन फेरी मारावी, येताना सेव-उसळ खावी, नातलगांकडे डोकावून यावे. इस्त्रीचे कपडे आणि डब्याची भाजी दुपारीच उरकलेली असावी, म्हणजे रात्री नऊनंतर सोमवारसाठी काहीच करायचे उरत नाही. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तासाभराहून अधिक पुढे ढकलू नये, नाहीतर रविवारी रात्री झोप येत नाही आणि जागे राहिलेले मन सोमवारकडेच वळते. शनिवारी लिहिलेला कागद घरी आणू नये. तो टेबलाच्या खणात ठेवावा आणि सोमवारी सकाळी खुर्चीत बसल्यावर उघडावा.